दोनशे फुटांतला गुन्हेपट: घरगुती प्रोजेक्टरसाठीच्या संक्षिप्त प्रिंट कशा निवडायच्या, तपासायच्या आणि जपायच्या

व्हिडिओ कॅसेट येण्याआधी अमेरिकेत आणि युरोपात आवडता सिनेमा घरात ठेवायचा तर त्याची फिल्म विकत घ्यावी लागे. शंभर मिनिटांचा बोलपट सुपर आठवर, म्हणजे आठ मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मवर, उतरवला की दोन हजार फूट भरतो, म्हणजे चारशे फुटी पाच रिळं. ती किंमत फार थोड्यांना परवडायची. म्हणून कंपन्या त्याच सिनेमाची काटछाट करून दोनशे किंवा चारशे फुटांची आवृत्ती काढत, चित्रं छापलेल्या खोक्यात घालत आणि कॅमेऱ्यांच्या दुकानांतून किंवा टपालानं विकत.

यांतली सर्वांत ओळखीची कॅसल फिल्म्स. युजीन कॅसल यांनी १९३७ पासून घरगुती रिळं विकायला सुरुवात केली, १९४७ मध्ये युनिव्हर्सलनं कंपनी घेतली आणि १९७७ मध्ये तिचं नाव युनिव्हर्सल एट झालं. न्यू जर्सीची केन फिल्म्स आणि कोलंबियाचा स्वतःचा आठ मिलिमीटर विभाग ही अमेरिकेतली बाकी मोठी नावं. आयोवातल्या डॅव्हनपोर्टची ब्लॅकहॉक फिल्म्स मात्र पूर्ण मूकपटांसाठी नावाजलेली. इंग्लंडमध्ये वॉल्टन आणि डेरॅन, जर्मनीत पिकोलो आणि मार्केटिंग फिल्म, फ्रान्समध्ये फिल्म ऑफिस. जर्मन प्रिंट बहुधा जर्मन भाषेत डब केलेल्या असतात. आपल्याला इंग्रजी आवाज हवा असेल तर विकत घेण्याआधी हे विचारायलाच हवं.

गुन्हेपट या कात्रीखाली बाकी सिनेमांपेक्षा वेगळे वागतात. खुनी कोण, हे शोधणारा रहस्यपट दहा मिनिटांत बसत नाही. संशयितांची ओळख, पुरावे, उलटसुलट जबान्या हे सगळं कापलं की शेवटचा उलगडा अधांतरी लोंबकळतो. टोळीयुद्ध, बँकेवरचा दरोडा, मोटारींचा पाठलाग, तुरुंगातून पलायन हे मात्र दोनशे फुटांत छान उतरतं. संपादकांनी दोन वाटा धरलेल्या दिसतात. एक, मूळ सिनेमातला एखादा मोठा प्रसंग जवळपास अखंड ठेवायचा. दुसरी, सगळ्या कथेचे तुकडे घेऊन मध्ये निवेदकाचा आवाज घालायचा. पहिल्या प्रकारची प्रिंट पुन्हापुन्हा लावावीशी वाटते, दुसरी एकदा बघून कपाटात जाते. म्हणून नुसत्या सिनेमाच्या नावावर खरेदी करू नका. आवृत्ती कोणती, हे आधी शोधा.

सुरुवात कृष्णधवल प्रिंटपासून करा, असा आमचा आग्रह आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांतले काळोख्या गल्ल्यांचे, टोपीच्या सावलीतल्या चेहऱ्यांचे गुन्हेपट मुळातच कृष्णधवल आहेत. त्यातली प्रतिमा चांदीची असते, त्यामुळे रंगीत प्रिंटला जडणारा लालपणा तिला होत नाही.

मापं आणि वेळ

स्टँडर्ड आठ हे कोडॅकनं १९३२ मध्ये आणलेलं माप, सुपर आठ १९६५ मधलं. दोन्ही फिल्मची रुंदी आठ मिलिमीटरच, पण एकाची प्रिंट दुसऱ्याच्या प्रोजेक्टरवर चालवली तर फिल्मच्या कडेची छिद्रं फाटतात. ओळखायचं असं: स्टँडर्ड आठचं छिद्र मोठं असतं आणि दोन चौकटींच्या, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्राच्या, मधल्या रेषेवर येतं. सुपर आठचं छिद्र लहान असतं आणि चौकटीच्या मध्यावर येतं. सुपर आठच्या रिळाचं मधलं भोकही मोठं असतं. तरी रिळावर विसंबू नका, पूर्वीच्या मालकानं ते बदललेलं असू शकतं.

सुपर आठच्या एका फुटात ७२ चौकटी असतात, स्टँडर्ड आठच्या फुटात ८०. सुपर आठचा हिशेब असा:

- ५० फूट: सेकंदाला २४ चौकटींनी अडीच मिनिटं, १८ नं ३ मिनिटं २० सेकंद
- २०० फूट: २४ नं १० मिनिटं, १८ नं १३ मिनिटं २० सेकंद
- ४०० फूट: २४ नं २० मिनिटं, १८ नं २६ मिनिटं ४० सेकंद

दोनशे फूट पाच इंची रिळावर मावतात, चारशे फूट सात इंची रिळावर. बोलक्या प्रिंट बहुतेक २४ च्या वेगाच्या असतात, मूक १८ च्या. युरोपातल्या खोक्यांवर लांबी मीटरमध्ये असते: ६० मीटर म्हणजे दोनशे फूट, १२० म्हणजे चारशे. खोक्यावर दोनशे लिहिलेलं असलं तरी आत भरून दोनशे फूट असतीलच असं नाही. विक्रेत्याकडून चालण्याची वेळ मागा आणि वरच्या हिशेबाशी ताडून पाहा.

नवखा माणूस हमखास फसतो तो कॅसलच्या खोक्यावरच्या 'कम्प्लीट एडिशन' या शब्दांना. त्याचा अर्थ पूर्ण सिनेमा नव्हे. पन्नास फुटी छोटी आवृत्ती 'हेडलाइन एडिशन' म्हणून विकली जाई, तिच्यापेक्षा मोठी ती 'कम्प्लीट'. पूर्ण काम एका रिळात हवं असेल तर १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' घ्या. पस्तीस मिलिमीटरवर त्याची लांबी ७४० फूट, फुटाला १६ चौकटी, म्हणजे ११,८४० चौकटी. त्यांना ७२ नं भागा: सुपर आठवर सुमारे १६५ फूट. गुन्हेपटांच्या इतिहासातला पायाचा दगड एकही कात्री न लागता दोनशे फुटांत बसतो. ब्लॅकहॉकच्या यादीत तो होता.

आवाजाचे तीन प्रकार. मूक प्रिंटमध्ये बोलपटातले संवाद पडद्यावरच्या अक्षरांत येतात. चुंबकीय आवाजाच्या प्रिंटला कडेनं तपकिरी पट्टी असते, शिवाय छिद्रांच्या बाजूला दुसरी बारीक पट्टी असते. ती फिल्म सपाट गुंडाळली जावी म्हणून. तिसरा प्रकार प्रकाशीय आवाजाचा, म्हणजे फिल्मवरच छापलेला ट्रॅक. तो वाचणारे सुपर आठ प्रोजेक्टर थोडे आहेत, तेव्हा आपलं यंत्र तसं नसेल तर ती प्रिंट तुमच्यासाठी मूकच राहणार.

विकत घेण्याआधी

संक्षिप्त प्रिंटचा बहराचा काळ सत्तरचं दशक, आणि नेमका तोच काळ रंगाच्या दृष्टीनं वाईट. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टिकाऊ रंगाची प्रिंट फिल्म आली. त्याआधीच्या ईस्टमन (कोडॅकच्या रंगीत फिल्मवरच्या) प्रिंटमधला सायन, म्हणजे हिरवट निळा, रंग अंधारात ठेवूनही उडतो, मग पिवळा फिका होतो आणि शेवटी उरतो तो गुलाबी-तांबडा. उडालेला रंग परत येत नाही. लेन्सपुढे निळसर फिल्टर लावून लालपणा थोडा मारता येतो, पण चित्र अंधारतं.

विक्रेत्याकडे छायाचित्र मागताना रात्रीचा प्रसंग मागा. दिवसाच्या प्रसंगात मोबाइलचा कॅमेरा रंग आपोआप सावरून घेतो आणि लाल प्रिंटही बरी दिसते. रात्रीच्या चौकटीतला काळा भाग खरोखर काळा आहे की विटकरी, ते लगेच कळतं. फिल्मची पट्टी पांढऱ्या कागदावर धरून, कागदाची कड चौकटीत ठेवून फोटो काढायला सांगा. कागद पांढरा दिसत असेल तरच फिल्मचा रंग ग्राह्य धरायचा.

आणखी एवढं विचारा: व्हिनेगरसारखा वास येतो का? जोड किती आहेत? छिद्रं फाटली आहेत का? सुरुवातीची पाटी आणि शेवट जागेवर आहेत का? ओरखडे असतील तर रेघ कोणत्या रंगाची? या शेवटच्या प्रश्नाला महत्त्व आहे. काळी रेघ म्हणजे ओरखडा फिल्मच्या मागच्या बाजूला, तो बऱ्याचदा सौम्य असतो. रंगीत प्रिंटवर हिरवी रेघ म्हणजे प्रतिमेचा सर्वांत वरचा, किरमिजी थर खरवडला गेला आहे. पिवळी रेघ म्हणजे त्याखालचाही थर गेला. पांढरी रेघ म्हणजे तिन्ही गेले, खाली नुसतं प्लास्टिक उरलं. हिरव्या रेघेला उपाय नाही. ती सबंध रिळभर असेल तर सोडून द्या.

मुंबईत चोरबाजारात जुने प्रोजेक्टर आणि सुटी रिळं अजून निघतात, पण परदेशी संक्षिप्त प्रिंट प्रामुख्यानं बाहेरच्या ऑनलाइन लिलावांतूनच मिळतात. चोरबाजारात रीळ हातात घेऊन बघता येतं, हा मोठा फायदा. खिशात छोटं भिंग आणि एक पांढरा कागद ठेवा.

रीळ घरी आल्यावर

पहिल्या दिवशी प्रोजेक्टरवर लावू नका. क्रम असा ठेवा.

१. डबा उघडताच वास घ्या. आंबूस, व्हिनेगरसारखा वास म्हणजे ॲसिटेटचं, फिल्म ज्या प्लास्टिकची असते त्याचं, विघटन सुरू झालं आहे. हे रीळ इतरांपासून लगेच वेगळं ठेवा, कारण त्यातून निघणारी आम्ल वाफ शेजारच्या फिल्मनाही बाधते. चुंबकीय पट्टीतलं लोह ऑक्साइड हे विघटन वेगानं करतं, म्हणून बोलक्या प्रिंटकडे जास्त लक्ष द्या.

२. फिल्म कशाची आहे ते पाहा. रीळ दिव्यासमोर आडवं धरा आणि गुंडाळलेल्या थरांतून बघा. प्रकाश आरपार झिरपत असेल तर पॉलिस्टर, काळोख दिसला तर ॲसिटेट. पॉलिस्टर सहसा तुटत नाही. यंत्रात अडकलं तर फिल्म शाबूत राहते आणि यंत्राचे दाते किंवा पट्टे जातात.

३. आकसलेलं आहे का ते मोजा. लोखंडी पट्टीवर फिल्म न ताणता सपाट ठेवा आणि शंभर छिद्रांचं अंतर मोजा, एका छिद्राच्या वरच्या कडेपासून शंभराव्यानंतरच्या छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत. सुपर आठला ते सुमारे ४२३ मिलिमीटर भरलं पाहिजे, स्टँडर्ड आठला ३८१. सुपर आठला ४१९ किंवा कमी भरलं, तर आकसणं एक टक्क्याच्या घरात गेलं. ही प्रिंट प्रोजेक्टरवर चढवायची नाही; दाते छिद्रांत बसणार नाहीत आणि ती पहिल्याच फेरीत फाटेल. हे माप तीन ठिकाणी घ्या, कारण बाहेरचे वेटोळे आतल्यांपेक्षा जास्त आकसतात.

४. हातानं फिरवायच्या रिवाइंडरवर सावकाश एक फेरी घ्या. सुती हातमोजा घालून फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात हलक्या धरा. फाटलेलं छिद्र मोज्याच्या धाग्याला लगेच अडतं. अडलं की थांबा, ओढू नका. प्रत्येक जोड आणि फाटलेली जागा कागदावर लिहून ठेवा.

५. दोन्ही टोकांना पाच-पाच फूट नवी पांढरी लीडर, म्हणजे चित्र नसलेली कोरी फिल्म, जोडा. आपोआप फिल्म ओढून घेणारे प्रोजेक्टर टोक कुरतडतात. कुरतडायचीच तर लीडर कुरतडू दे, सिनेमाची पाटी नको.

जोड

ॲसिटेटला फिल्म सिमेंट, म्हणजे टोकं विरघळवून सांधणारं द्रव, चालतं, फिल्मसाठीची खास टेपही चालते. पॉलिस्टरवर सिमेंट धरतच नाही, तिथे टेपच. पूर्वीच्या मालकानं घरातली चिकटपट्टी वापरली असेल तर ती काढून टाका; तिचा गोंद वितळून शेजारच्या वेटोळ्यांना लागतो आणि पुढच्या खेपेला ती फिल्म झटके देत उलगडते.

बोलक्या सुपर आठमध्ये आवाज चित्राच्या १८ चौकटी पुढे असतो. म्हणजे गोळी सुटल्याची चौकट गेटमध्ये, दिव्यासमोरच्या खिडकीत, असताना तिचा आवाज १८ चौकटी पुढे, ध्वनीच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर असतो. फाटलेल्या दोन चौकटी काढल्या की उडी दोनदा जाणवते: चित्रात त्या जागी, आवाजात पाऊण सेकंदानं नंतर. म्हणून चौकटी काढण्याआधी छिद्र टेपनं दुरुस्त होतं का ते बघा. छिद्रं पाडलेली तयार टेप मिळते, ती दोन्ही बाजूंनी लावली तर फाटलेलं छिद्रही सावरतं. टेप चुंबकीय पट्टीवर येऊ देऊ नका, तिथे हेड उचललं जातं आणि आवाज बुडतो. पट्टीवरचा भाग पात्यानं अलगद कापून टाका. पातं चुंबकत्व आलेलं असेल तर जोडावर दर वेळी टक असा आवाज येतो, तेव्हा कात्री-पाती चुंबकापासून लांब ठेवा.

सफाई

आधी कोरडी. धागे न सुटणाऱ्या मऊ सुती कापडाच्या घडीतून फिल्म एकदा फिरवा. मग तेच ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलसर केलेल्या कापडानं. औषधांच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातलं पाणी फिल्मवरच्या प्रतिमेच्या थरातलं जिलेटिन फुगवतं. पहिल्या फूटभर लांबीवर करून बघा. कापडावर चुंबकीय पट्टीचा तपकिरी डाग उतरला तर तिथेच थांबा आणि ती प्रिंट कोरडीच ठेवा. दर दहा-पंधरा फुटांनी कापडाची घडी बदला, नाहीतर अडकलेला कणच पुढे ओरखडे काढत जातो. गुंडाळली जाण्याआधी फिल्म कोरडी झाली पाहिजे, म्हणून घाई नको. काम उघड्या खिडकीपाशी करा, जवळ ज्योत किंवा उदबत्ती नको. खोबरेल किंवा यंत्राचं तेल फिल्मला कधीही लावू नका.

प्रोजेक्टर

यूमिग, एल्मो, बाउअर, बेल अँड हॉवेल यांचे जुने प्रोजेक्टर मिळतात आणि दुरुस्तही होतात. घेताना दिवा लागतो का, यापेक्षा रबर कसं आहे ते बघा. जुने पट्टे ताणतात, तडकतात किंवा डांबरासारखे चिकट होतात. तसं झालेलं रबर अल्कोहोलनं आणि बांबूच्या काडीनं काढून नवा पट्टा घालावा लागतो. दिवा नेमका त्याच व्होल्ट आणि वॉटचा घ्या, १२ व्होल्ट १०० वॉटच्या जागी १५ व्होल्ट १५० वॉटचा चालत नाही. नवा दिवा उघड्या बोटांनी धरू नका.

अमेरिकेहून यंत्र मागवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आपले २३० व्होल्ट ११० वर आणतो, पण आपला ५० हर्ट्झचा पुरवठा ६० करत नाही. विजेच्या वारंवारितेवर वेग ठरणारी मोटर इथे सहा भागांतले पाचच भाग वेगानं फिरते. २४ चौकटींच्या जागी २० होतात, दहा मिनिटांची प्रिंट बारा मिनिटं चालते आणि सगळे गुंड भसाड्या, जड आवाजात बोलतात. काही यंत्रांत ५० आणि ६० साठी पुलीवर वेगळा खाचा असतो, तो आहे का ते आधी विचारा. युरोपातलं यंत्र घेणं सोपं.

प्रत्येक खेळाआधी गेट आणि ध्वनीचं हेड पुसा. गेटमध्ये साचलेला कडक थर लाकडी काडीनं काढा, धातूचं काहीही आत घालू नका. मग निरुपयोगी फिल्मचा पाच-दहा फुटांचा तुकडा चालवा आणि भिंगाखाली बघा. नवा ओरखडा दिसला तर चांगली प्रिंट लावू नका. खेळ सुरू असताना चित्र उभं थरथरायला लागलं तर गेटखालचा किंवा वरचा लूप, म्हणजे फिल्मचा सैल वळसा, गेला आहे. लगेच थांबवा, तसंच चालू ठेवलं तर पुढचं प्रत्येक छिद्र फाटत जातं.

साठवण

पुण्या-नाशिकला हे तुलनेनं सोपं, मुंबई, कोकण आणि गोव्यात खरी परीक्षा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की जिलेटिनवर बुरशी बसते, आणि बुरशीनं खाल्लेली प्रतिमा पुसून परत येत नाही. पोटमाळा नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट नको, जमिनीलगतचा खणही नको. आतल्या भिंतीलगत मधला खण निवडा, आर्द्रतामापक ठेवा आणि पावसाळ्यात सिलिका जेल दर काही दिवसांनी भाजून कोरडं करा. ॲसिटेट फिल्म हवाबंद डब्यात कोंडू नका, आम्ल वाफ आतच राहते. डांबराच्या गोळ्या कपाटात नकोच. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकची रिळं आणि डबे मऊ पडतात.

प्रत्येक रिळाची नोंदवही ठेवा: कंपनी, खोक्यावरचा क्रमांक, फुटांत प्रत्यक्ष लांबी, आवाजाचा प्रकार, वेग, ॲसिटेट की पॉलिस्टर, रंगाची स्थिती, जोड कुठे आणि किती. त्याखाली प्रसंगांची यादी लिहा. कोणता प्रसंग ठेवला, कोणता गाळला, निवेदन आहे का, शेवट मूळचाच आहे का. एकाच गुन्हेपटाच्या दोन कंपन्यांच्या आवृत्त्या समोरासमोर ठेवल्या की एकीत दरोड्याची पूर्वतयारी सापडते, दुसरीत नुसता गोळीबार. ज्या संपादकांची नावं कुठेच छापली गेली नाहीत, त्यांचं काम कळायचा हाच मार्ग आहे आणि संग्रहाचं खरं मोल या यादीत आहे.

या प्रिंट घरगुती वापरासाठी विकल्या गेल्या. रीळ तुमचं असलं तरी सिनेमाचे हक्क तुमचे होत नाहीत. भारतात चित्रपटाचं कॉपीराइट प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतं, आणि जाहीर खेळासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्नही येतोच. सोसायटीच्या गच्चीवर खेळ लावायचा विचार असेल तर आधी हे बघा. जुन्या सामानात सोळा मिलिमीटरचं मराठी किंवा हिंदी रीळ हाती लागलं तर स्वतः धुवायला, जोडायला जाऊ नका. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईतलं फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना विचारा.

वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, प्रत्येक रीळ सावकाश उलगडून पुन्हा गुंडाळा, वास घ्या, शंभर छिद्रांचं माप पुन्हा मोजा आणि नोंदवहीत तारखेसह लिहा. आकसणं एक टक्क्याकडे सरकताना दिसलं की ते रीळ दात्यांऐवजी रबरी चाकांवर फिल्म ओढणाऱ्या स्कॅनरवर उतरवून घ्या. हे पुढच्या वर्षावर टाकू नका. एकदा फिल्म वेडीवाकडी होऊन ठिसूळ झाली की तो स्कॅनरही तिला सपाट धरू शकत नाही.